कनेक्शन पूलची बेरीज जास्त भरली म्हणून प्रॉक्सी अडवायची का?

उद्यमनगर: काल इथं कुणीतरी लिहिलंय, "पीजीबाउन्सर (पोस्टग्रेस डेटाबेसपुढं बसून उघड्या कनेक्शनांचे साठे, म्हणजे पूल, सांभाळणारी प्रॉक्सी) चढवण्याआधी आपली स्क्रिप्ट सगळ्या पूलची बेरीज पोस्टग्रेसच्या कनेक्शन-मर्यादेशी ताडते आणि जास्त भरली की अडवते. अडवणं काढा, नुसता इशारा द्या." हे वाचून राहवेना. डिफॉल्ट पूल साइज 20 म्हणजे एकूण 20 नव्हे, प्रत्येक युजर-डेटाबेस जोडीला 20. सहा जोड्या झाल्या की 120. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100, त्यातली 3 सुपरयुजरला (डेटाबेसच्या मुख्य प्रशासकाला) राखीव. महिनाअखेरीला फाउंड्रीची बिलं निघताना "रिमेनिंग कनेक्शन स्लॉट्स आर रिझर्व्ह्ड" (उरलेल्या जागा राखीव) आलं की फोन आम्हाला येतात. इशारा लॉगमध्ये पडून राहतो.

शिरोलीकर: लिहिणारा मीच. पूल चढल्याचढल्या भरतो का लगा? मागणी येईल तशी कनेक्शनं उघडतात. आमच्यात हजेरी सकाळी, डिस्पॅच दुपारी, बॅकअप रात्री. सहाही जोड्या एकदम कधी भरणार? कडक तपासणी काय करते ते 2019 च्या पुरात भोगलंय. पंचगंगेचं पाणी हायवेवर, लाइन बंद. वीज आली, एन्जिनएक्स (ॲप्सपुढची वेब प्रॉक्सी) उठेना: "होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम". एका गोदामाचं नाव सापडेना म्हणून सगळी ॲप्स बंद!

रंकाळावेस: त्याचा पूलशी काय संबंध? नाव व्हेरिएबलमध्ये टाकून रिझॉल्व्हर (नावावरून आयपी शोधून देणारा सर्व्हर) द्यायचा होता. पुराचं भांडवल करू नका.

शिरोलीकर: भांडवल? घरात पाणी होतं आमच्या. आणि संबंध आहेच. व्हेरिएबलमध्ये थेट होस्टचं नाव घातलं की अपस्ट्रीम ब्लॉक (मागच्या सर्व्हरांची यादी) सुटतो, कीपअलाइव्हचा, म्हणजे उघड्या ठेवलेल्या कनेक्शनांचा, पूल गेला. अपस्ट्रीममधलं रिझॉल्व्ह (चालू असतानाच नावाचा आयपी पुन्हा शोधणं) एन्जिनएक्सच्या फुकटच्या आवृत्तीत 1.27.3 ला आलं. 2019 ला ते पैसे मोजणाऱ्यांनाच होतं.

रंकाळावेस: मग होस्ट्स फाइलमध्ये (मशीनवरच्या नाव-आयपीच्या यादीत) आयपी लिहायचा. एका ओळीचं काम.

शिरोलीकर: आयपी बदलला की ती ओळ कोण बदलणार, तुम्ही येणार का शिरोलीला?

साठमारी: अहो, मूळ मुद्दा राहिला. पीजीबाउन्सरमध्ये मॅक्स डीबी कनेक्शन्सचं सेटिंग लावा. डेटाबेसमागं एकच छत, जोड्या कितीही असोत. छत भरलं की क्लायंट रांगेत थांबतो, पोस्टग्रेसपर्यंत जात नाही.

उद्यमनगर: ठीक. सगळ्या डेटाबेसांची छतं मिळून 97 च्या आत असतील तर जोड्यांच्या बेरजेला नुसता इशारा चालेल. छत नसेल तिथं स्क्रिप्ट अडवणारच, त्यात सूट नाही.

शिरोलीकर: चालतंय. पण होस्ट्स फाइलवाल्यांनी आधी पुराचे शब्द मागं घ्यावेत.