मदत हवी आहे: ब्रेकचा पिस्टन आत जात नाही (तातडीने!)

पाना_बारा: पॅड बदलायची मजुरी ऐकली आणि म्हटलं, दोन बोल्टचं काम, घरीच करू. जुने पॅड निघाले. नवे जाड आहेत, पॅड दाबणारा पिस्टन आत ढकलल्याशिवाय बसत नाहीत. सी-क्लॅम्पचा शिकंजा पिळून घाम निघाला, ढिम्म हलत नाही. गाडी सकाळपासून जॅकवर आहे, संध्याकाळी हवी आहे. पटकन सांगा.

काथ्याकूट: गाडी कुठली? पुढचं चाक की मागचं?

दणकट: कुठलं का असेना, जोर कमी पडतोय. क्लॅम्पला लांब पाइप अडकवा. माझा असाच गेला होता.

काथ्याकूट: आणि पिस्टनभोवतीचं रबरी सील फाटलं तर? मजुरी वाचवायला जाऊन कॅलिपर, म्हणजे पिस्टन ज्यात बसतो तो अख्खा भाग, घ्यावा लागेल.

शंकासूर: विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, माझे ब्रेक सकाळी पहिल्यांदा दाबले की करकरतात. पॅड संपले का?

जुनं_इंजिन: जॅकवर म्हणजे नुसत्या जॅकवर? आधी खाली स्टँड लावा. मग बाकीचं.

पाना_बारा: स्टँड आहेत हो. मागचं चाक आहे. त्याने काय फरक पडतो?

जुनं_इंजिन: तिथंच तर सगळी गोम आहे. मागच्या बऱ्याच कॅलिपरांत हॅन्डब्रेकचा स्क्रू पिस्टनच्या आतच असतो. असा पिस्टन नुसता दाबून जात नाही, दाबत दाबत फिरवावा लागतो. पिस्टनच्या तोंडावर खाचा आहेत का? हॅन्डब्रेक बटणाचा असेल तर मात्र हात लावू नका, त्याला आधी सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी सैल करून, घ्यावं लागतं.

दणकट: हातासरशी ब्रेक ऑइलही बदला. डॉट 5 घाला, आकडा मोठा तितकं चांगलं.

काथ्याकूट: काहीही! डॉट हा ब्रेक ऑइलचा प्रकार: 3 आणि 4 ग्लायकॉलवाली, 5 सिलिकॉनचं. एकात दुसरं चालत नाही. ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असेल तेच घालायचं.

पाना_बारा: ऑइलचं नंतर बघू. खाचा आहेत, हॅन्डब्रेक लिव्हरचा आहे. फिरवला, थोडा गेला, परत अडला.

जुनं_इंजिन: हॅन्डब्रेक सोडलाय ना?

पाना_बारा: नाही, पॅड निघाल्यावर ओढून ठेवला. गाडी सरकू नये म्हणून. उघडच आहे की.

जुनं_इंजिन: धन्य आहात! तुम्ही इकडून आत ढकलताय आणि केबल त्याला बाहेर ढकलतेय. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मग हॅन्डब्रेक सोडा. ब्रेक ऑइलच्या टाकीवरही लक्ष ठेवा, ऑइल काठोकाठ असेल तर वर येऊन सांडेल आणि रंग खाईल. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा.

पाना_बारा: गेला!! थोडं सांडलं, धुतलं. दोन्ही बाजूंचे पॅड बसले. पण आता पेडल थेट खाली टेकतंय. काय बिघडवलं मी?

जुनं_इंजिन: बहुतेक काही नाही. पिस्टन आत गेलाय, तो परत पॅडला भिडेपर्यंत पेडल सावकाश पंप करा. कडक झालं नाही तर गाडी जागची हलवू नका, ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा असेल.

पाना_बारा: सात-आठदा दाबलं, कडक झालं. आभार!

शंकासूर: माझी करकर राहिलीच.

काथ्याकूट: आणि गाडी कुठली, ते अजून कळलेलं नाही.