हेलिकॉप्टरचं पीपीएल: मुतखडा होऊन गेलाय, क्लास २ मेडिकल मिळेल का?

निळीशाई
नमस्कार मंडळी. वय ४१, दोन्ही डोळ्यांना उणे साडेतीनचा चष्मा. खाजगी हेलिकॉप्टर पायलटचं, म्हणजे पीपीएलचं प्रशिक्षण घ्यायचं नक्की केलंय. शिक्षकांबरोबर एक तास उडूनही आले. पाच फुटांवर हॉवर करताना, म्हणजे हवेत एका जागी स्थिर ठेवताना, मशीन माझ्या हातात जेमतेम चार सेकंद टिकलं, पण तेवढ्यावर आठवडाभर झोप उडालीय.

आता गाडी अडलीय क्लास २ मेडिकलपाशी, म्हणजे खाजगी पायलटला लागणाऱ्या वैद्यकीय दाखल्यापाशी. दोन वर्षांपूर्वी मला मुतखडा झाला होता. पाच मिलिमीटरचा, आपोआप पडला, ऑपरेशन नाही. फॉर्ममध्ये मूत्रपिंडाचे विकार आणि खडे यांचा रकाना आहे. ओळखीतले एक जण म्हणाले, "पडून गेला ना? मग 'नाही'वर खूण कर आणि मोकळी हो." मनाला पटत नाही. पण खरं लिहिलं आणि दारच बंद झालं तर? शिवाय शाळेत रंग ओळखण्याच्या तपासणीत ठिपक्यांच्या पुस्तकातले एक-दोन आकडे मला दिसले नव्हते, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. हे दोन्ही घेऊन गेले तर काय होईल? आणि तासांचे पैसे आधी भरावेत की मेडिकल आधी करावं?

शिकाऊ_बावीस
मेडिकल आधी, डोळे मिटून. शिक्षकांबरोबरचे तास बऱ्याच ठिकाणी मेडिकलशिवाय घेता येतात, सोलो, म्हणजे एकट्याने उडणं, मात्र होत नाही. माझे बावीस तास झाले, शिक्षक म्हणाले आता एकटा जा, आणि माझ्याकडे कागदच नव्हता. ईसीजीत काहीतरी दिसलं म्हणून पुढच्या तपासण्या निघाल्या. अखेर सगळं ठीक निघालं, पण त्यात दोन महिने गेले. तोवर जमलेला हॉवर हातातून पार गेला. तो पुन्हा बसवण्यात सहा तास घातले.

उजवाहात
ताई, लिहा. साल, महिना, आकार, कोणत्या बाजूचा, कोणत्या गोळ्या घेतल्या, सगळं लिहा.

मी मेडिकल घेतलं तेव्हा मला खडाबिडा काही नव्हता. लायसन्स मिळून वर्ष झालं होतं. एका शनिवारी सकाळी नऊला आर२२ हे छोटं हेलिकॉप्टर एकट्याने न्यायचं ठरलं होतं. पहाटे साडेचारला डाव्या कुशीत कळ आली आणि दहा मिनिटांत मी न्हाणीघराच्या फरशीवर. ज्यांना झालंय त्यांना वेगळं सांगायला नको: उभं राहवत नाही, बसवत नाही, पडवत नाही. घाम, उलट्या. दोन्ही हात आपोआप पोटाशी आवळले जातात.

दवाखान्यात सलाइन चालू असताना मी त्या हातांचाच विचार करत होतो. उजवा सायक्लिकवर (मशीन कलवणारी दांडी), डावा कलेक्टिव्हवर (वरखाली नेणारी दांडी), पाय पेडलवर, आणि आम्ही उडवतो त्या आर२२ला ऑटोपायलट नाही. विमान नीट ट्रिम केलं, म्हणजे हात न लावता सरळ उडेल असं लावलं, तर हात सोडून नकाशाची घडी घालता येते. इथे सायक्लिक सोडली की मशीन बघता बघता कलतं. तीच कळ पाच तास उशिरा आली असती तर मी दीड हजार फुटांवर एकटा असतो. तो रकाना फॉर्ममध्ये यासाठी आहे, ताई. आत आणखी खडा आहे का आणि तो हलण्याची शक्यता किती, एवढंच डॉक्टरांना बघायचं असतं.

सर्टिफिकेट खिशात असलं, मुदत शिल्लक असली, तरी तब्येत बिघडली की उडायचं नाही. हे आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेच्या, परिशिष्ट १ मध्येच आहे. मी दोन दिवसांनी माझ्या एव्हिएशन डॉक्टरांना स्वतः फोन केला. अकरा आठवडे जमिनीवर होतो. सोनोग्राफी, रक्तातलं कॅल्शियम, युरिक अॅसिड, मग मूत्रविकारतज्ज्ञांचं पत्र. त्या पत्रातल्या एका ओळीवर परत उडायला लागलो: "दोन्ही मूत्रपिंडांत खडा नाही."

तुम्ही जाताना तेव्हाचे कागद, ताजी सोनोग्राफी आणि तसंच पत्र बरोबर न्या. रिकाम्या हाताने गेलात तर फाइल लोंबकळते. खडा शिल्लक निघाला तरी लगेच कायमचा नकार येतो असं समजू नका. आकार बघतात, जागा बघतात, उपचार करून या म्हणतात. पण फॉर्मवर खोटी सही केली आणि ती उघड झाली, तर लायसन्स त्या सहीपायी जातं आणि मग बोलायला तोंड राहत नाही.

आणखी एक, हे कळकळीने सांगतो. उडायच्या दिवशी मध्येच लघवीला लागू नये म्हणून बरेच जण सकाळपासून पाणी पीत नाहीत. मीही तेच करायचो, उन्हाळ्यातसुद्धा. ते बंद करा.

दृष्टी६बाय६
मी पायलटांच्या मेडिकलमधली डोळ्यांची तपासणी करते, म्हणून तेवढंच सांगते. आयकाओच्या निकषात क्लास २ ला प्रत्येक डोळ्याने किमान ६/१२ आणि दोन्ही मिळून ६/९ दिसावं लागतं, चष्मा लावून चालतं. उणे साडेतीनची काळजी सोडा. सर्टिफिकेटवर चष्म्याची अट येईल आणि दुसरा चष्मा सोबत ठेवावा लागेल. तो मागच्या बॅगेत टाकू नका. हेलिकॉप्टरमध्ये मोकळा हात मिळणं किती कठीण, ते वर आलंच आहे. हाताला लागेल अशा खिशात ठेवा. काड्या बारीक घ्या, जाड काडीमुळे हेडसेटची गादी कानावर नीट बसत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणार असाल तर एकाच नंबरची आणि बिनरंगाची. चाळिशी उलटलीय, तेव्हा जवळचं वाचनही तपासून घ्या. नकाशावरचे बारीक आकडे तिथेच अडतात.

आता ठिपके. ते इशिहाराचे तक्ते. ते दिवसाच्या उजेडात किंवा तशाच पांढऱ्या प्रकाशात दाखवायचे असतात. पिवळ्या दिव्याखाली पुस्तक उघडलं असेल तर शाळेतल्या त्या निकालाला अर्थ नाही. एखादा आकडा चुकला म्हणून लगेच सगळं संपलं असं होत नाही. बरेच चुकले तर पुढे कंदिलाची चाचणी असते, तिथे रंगीत दिवे ओळखायचे. तुमच्या कामाचं खरं तेच आहे: रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून लाल, हिरवा आणि पांढरा दिवा दाखवतात, तो तुम्हाला चटकन ओळखता आला पाहिजे. तिथेही नाही जमलं तर क्लास २ फक्त दिवसाच्या उड्डाणापुरतं मिळू शकतं. तक्ते पाठ करून येऊ नका. लोक येतात तसे, मी पानं मागेपुढे करते.

शिकाऊ_बावीस
चाळिशीनंतर मुदतही कमी होते ना?

दृष्टी६बाय६
हो. पीपीएलसाठी आयकाओच्या हिशेबाने चाळिशीपर्यंत ६० महिने, त्यापुढे २४. चाळिशीनंतरच्या पहिल्या तपासणीत ईसीजीही लागतो. काही देशांचे नियम याहून कडक आहेत, आपल्या नियामकाचा तक्ता बघूनच जा.

निळीशाई
पाच आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

सगळं लिहिलं. डॉक्टरांनी रकाना वाचला, मान वर केली आणि विचारलं, "कागद आणलेत?" बस्स. मी महिनाभर ज्या क्षणाला घाबरत होते तो एवढाच होता. रंगांचे तक्ते खिडकीजवळ बसवून दाखवले, एक चुकला, पास. दोन मीटरवर पाठ करून उभं केलं आणि ते मागून साध्या आवाजात आकडे बोलत गेले, मी ते म्हणून दाखवले. ईसीजी ठीक.

सोनोग्राफीत मात्र उजव्या मूत्रपिंडात चार मिलिमीटरचा खडा निघाला. जुना डावीकडचा होता. याचा मला पत्ताच नव्हता, कधी दुखलंही नाही. 'नाही'वर खूण केली असती तर हा खडा माझ्याबरोबर सोलोला आला असता.

सध्या फाइल थांबलीय. मूत्रविकारतज्ज्ञांनी औषध दिलंय, सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी. शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, कमांड माझ्याकडे आहे, तुझं दुखायला लागलं तर पहिल्या कळेला बोल, मी घेतो. उजवाहात, आता अडीच लिटरची बाटली घेऊनच हँगरवर जाते. मध्ये एकदा लघवीसाठी परत यावं लागलं, शिक्षक काही बोलले नाहीत. परवा हॉवर अकरा सेकंद टिकला.