लॅपटॉपवर छान दिसणारा फोटो मोबाईलवर का बिघडतो?

पानफूल:
नमस्कार मंडळी, मी फुलांचे फोटो काढते, कॅमेऱ्यातून लॅपटॉपवर घेऊन एडिट करते आणि मग व्हॉट्सअ‍ॅपने स्वतःच्याच मोबाईलवर पाठवते. लॅपटॉपवर लाल जास्वंदीच्या पाकळीची शीर न् शीर दिसते पण तोच फोटो मोबाईलवर उघडला की पाकळी म्हणजे नुसता लाल गोळा, कडाही मऊ पडलेल्या. स्क्रीन चांगला आहे, १०८० पिक्सेल रुंदीचा ओलेड. ब्राइटनेस वाढवून बघितला, शार्पनेस वाढवणारं एक अ‍ॅपही टाकलं तर कडांना पांढरी रेघ यायला लागली. काय करू?

चौकस:
ते अ‍ॅप आधी काढून टाका. गेलेलं डिटेल त्याने परत येत नाही, ते फक्त कडेचा कॉन्ट्रास्ट वाढवतं, तीच ती पांढरी रेघ. आधी फोटो नेमका कुठे खराब होतोय ते शोधा. मूळ फाईल केबलने फोनमध्ये टाका आणि व्हॉट्सअ‍ॅपवाल्या फोटोबरोबर ताडून बघा. केबलवाला चांगला दिसला तर दोष पाठवण्यात, दोन्ही सारखेच वाईट तर मग एडिटिंग नाहीतर स्क्रीनची सेटिंग. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की तो लहान करून परत कॉम्प्रेस होतो, एचडी निवडलं तरी थोडाफार होतोच. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाईल जशीच्या तशी जाते.

लाल रंगाला याचा मार जास्त बसतो बरं का. जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाईलमध्ये, उजेड आणि रंग वेगवेगळे साठवतात आणि कॉम्प्रेस करताना बहुतेक वेळा रंगाची माहिती उभी-आडवी दोन्हीकडे निम्मी करतात, म्हणजे चार पिक्सेलना मिळून एकच रंग. हिरव्या पानात ते फारसं कळत नाही कारण हिरव्याचा उजेडातला वाटा मोठा. लालचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे लाल पाकळीतले बारीक फरक बरेचसे रंगाच्या भागातच असतात, आणि काटछाट नेमकी तिथेच होते.

पानफूल:
केबलने टाकून बघितला. कडा एकदम स्वच्छ आल्या, तेवढं काम झालं! पण पाकळी अजून गोळाच आहे, शिरा अगदी पुसट.

रंगारी:
मग आता डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन कलर मोड बघा. बऱ्याच फोनवर कंपनीकडूनच व्हिव्हिड लावलेला असतो, त्यात रंग मुद्दाम ताणून दाखवतात, आधीच भडक असलेला लाल अजून भडक होतो आणि छटा एकमेकींत मिसळतात. नॅचरल किंवा स्टँडर्ड करा, नाव फोनप्रमाणे बदलतं. ब्लू लाइट फिल्टर चालू असेल तर तोही बंद. पहिले दोन दिवस स्क्रीन फिका वाटेल, डोळ्यांना सवय होऊ द्या.

त्यानेही नाही भागलं तर एडिटिंगमध्ये हिस्टोग्राम (किती उजेडाचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणारा आलेख) उघडून फक्त लाल चॅनल, म्हणजे लाल रंगाचा आलेख बघा. उजव्या भिंतीला चिकटला असेल तर तिथले सगळे पिक्सेल २५५ वर, म्हणजे कमाल आकड्यावर आलेत आणि शिरा आणि पाकळी यांच्या लालमध्ये फरकच उरलेला नाही. रॉ फाईल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली) असेल तर तीच घ्या, एक्सपोजर आणि लालचं सॅच्युरेशन (भडकपणा) थोडं थोडं खाली आणा, चॅनल भिंतीपासून सुटला की शिरा दिसायला लागतात. आणि एक्सपोर्ट एसआरजीबीमध्येच करा. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेली ही कलर स्पेस, म्हणजे कुठला आकडा कुठला रंग ते ठरवणारी पद्धत, आजही सगळीकडे चालते. अ‍ॅडोबी आरजीबी या दुसऱ्या कलर स्पेसमध्ये फाईल ठेवली आणि समोरच्या अ‍ॅपने प्रोफाईल (फाईलमधली कलर स्पेसची नोंद) वाचलं नाही तर रंग मरगळलेले दिसतात.

बारीकनजर:
एक भर घालते. फक्त फोनवर बघायचा असेल तर मोठी फाईल नेलीच पाहिजे असं नाही, पण बरोब्बर १०८० रुंदीही करू नका, दोन बोटांनी झूम केलं की लगेच फुटतो. मी दुप्पट म्हणजे २१६० रुंदी ठेवते, क्वालिटी ८५ ते ९०, आणि शार्पनिंग आकार लहान केल्यावर, शेवटी आणि अगदी हलकं.

पानफूल:
लाल चॅनल खरंच भिंतीला टेकलेला होता! रॉमधून एक्सपोजर खाली घेतलं, मोड नॅचरल केला, आता देठाजवळच्या गडद भागातल्या शिराही फोनवर सुट्या दिसतायत. बाकीचे लाल फोटोही असेच परत एडिट करायला घेतलेत. मनापासून आभार सगळ्यांचे.