जुन्या काळातल्या साथींवरच्या गोष्टी हव्यात, ११ वर्षांच्या मुलीसाठी

लेक अकरा वर्षांची आहे, वाचायला प्रचंड आवडतं, आणि सध्या डोक्यात एकच विषय, पूर्वी साथ यायची तेव्हा लोक काय करायचे, औषधं नव्हती तर आजाऱ्याला कोण सांभाळायचं, मुलं दिवसभर कुठे असायची. माहितीची पुस्तकं वाचून झालीत पण तिला गोष्ट हवीये, त्या काळातल्या एखाद्या मुलामुलीची. इंग्रजी चालेल. फक्त मन फार हळवं आहे हो, पुस्तकात कुणाची आई गेली की रात्री झोप नाही. साथ गोड करून सांगितलेली नकोय, इतिहासही खरा हवा, पण पुस्तक अर्ध्यात मिटून ठेवेल असंही नको. प्लीज सुचवा, आधीच थँक्स.

*

डोळे झाकून डेबोरा हॉपकिन्सन यांचं 'द ग्रेट ट्रबल' द्या. १८५४ चा लंडनचा कॉलरा. ईल नावाचा अनाथ मुलगा, थेम्सच्या चिखलातून विकता येईल ते वेचून पोट भरलेला, तो डॉ. जॉन स्नो यांच्या हाताखाली कामाला लागतो. तेव्हा बहुतेक डॉक्टर म्हणायचे की कॉलरा घाणेरड्या हवेतून होतो, स्नो म्हणायचे पाण्यातून, पण पटवणार कसं? मग घरोघरी जाऊन विचारायचं, कोण गेलं, पाणी कुठून भरत होतात. सगळ्यांचं बोट ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या हातपंपाकडे जातं. आता ह्यातली खरी घडलेली गंमत बघा, पंपापासून लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई कॉलऱ्याने गेली, का, तर तिला त्याच पंपाच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ती रोज तिथून मागवायची. आणि पंपाच्या अगदी जवळच्या दारूभट्टीतले कामगार ठणठणीत, कारण ते तिथली बिअरच प्यायचे. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला, म्हणजे कुणाला पाणीच उपसता येऊ नये. तोवर लोक पळून गेल्यामुळे साथ ओसरायला लागलीच होती, हेही मुलीला नक्की सांगा, नाहीतर दांडा काढला आणि चुटकीसरशी कॉलरा संपला असं वाटतं.

मृत्यू आहेत, ओळखीची माणसं पटापट जातात. पण ईलच्या हातात सतत काम आहे, शोध आहे, त्यामुळे वाचणारं मूल नुसतं घाबरून बसत नाही, तेही डोकं लावायला लागतं. हळव्या मुलांसाठी मी आधी हेच बघते, गोष्टीतल्या मुलाला काही करता येतंय का. किती माणसं मरतात हे त्यानंतर.

*

वरच्या ताईंना +१. लॉरी हॉल्स अँडरसन यांचं 'फीवर १७९३' पण फार सुंदर आहे पण दोनेक वर्षं थांबा असं म्हणेन. फिलाडेल्फियातला पिवळा ताप, तेव्हा तीच अमेरिकेची राजधानी, पन्नासेक हजार वस्तीच्या शहरात पाचेक हजार माणसं गेली. चौदा वर्षांची मॅटी, घरचं कॉफीहाऊस. तुमच्या लेकीसाठी आधीच फोडून सांगतो, आई आजारी पडते पण वाचते, आजोबा मात्र जातात आणि तो प्रसंग जड आहे. त्यात डॉक्टरांचं भांडण मस्त आलंय, एक गट रोग्याचं रक्त काढणारा आणि फ्रेंच डॉक्टर म्हणतात विश्रांती द्या, पाणी पाजा. डास चावल्याने हा ताप पसरतो हे १९०० मध्ये सिद्ध झालं, पुस्तकातल्या कुणालाच ते माहीत नाही, फक्त थंडी कडाडली की साथ थांबते एवढं कळतं. आजाऱ्यांची सेवा करायला शहरातली कृष्णवर्णीय माणसं कशी पुढे आली तेही आहे, आणि ते खरं घडलेलं आहे.

*

खूप खूप आभार दोघांचे! प्लेगवर काही आहे का पण? तिचं मुख्य वेड तेच आहे.

*

प्लेगसाठी बर्ली डोहर्टी यांचं 'चिल्ड्रन ऑफ विंटर' बघा. इंग्लंडमधल्या ईम गावाच्या खऱ्या घटनेवर बेतलंय, १६६६ मध्ये आजूबाजूला साथ पसरू नये म्हणून गावाने स्वतःलाच कोंडून घेतलं होतं. बाहेरचे लोक सामान वेशीवर ठेवून जायचे आणि गावकरी दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात पैसे टाकायचे. पुस्तकात भावंडांना वाचवायला आईवडील त्यांना दूर एका कोठारात ठेवतात, हिवाळाभर मुलं एकटीच. रक्तबिक्त नाही, पण आईपासून दुरावणं पानोपानी आहे, तेव्हा हे सोबत बसून वाचा, एकटीला देऊ नका.

*

मग आधी कॉलऱ्याचंच मागवते, प्लेगचं सुट्टीत दोघी मिळून वाचू. एक शंका, ईल खरा होता का? ती पहिल्याच पानावर विचारणार.

*

ईल काल्पनिक, डॉ. स्नो आणि पुस्तकात भेटणारे पाद्री व्हाइटहेड खरे. पुस्तकाच्या शेवटी लेखिकेनेच खरं काय आणि रचलेलं काय ते लिहिलंय, तिला गोष्ट संपल्यावर वाचू द्या, आधी वाचलं तर पंपाचं कोडं फुटेल.