शब्दचर्चा: पीसीओएसच्या रिपोर्टमधलं 'इन्फ्लमेशन' म्हणजे दाह, शोथ की सूज?

धागाकर्ती: पीसीओएस, म्हणजे बायकांमधला पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम हा हार्मोनचा बिघाड, त्यावरचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय. त्यात 'वाढलेले मार्कर' अशा मथळ्याखाली रक्ततपासण्यांचे दोन गट आहेत. पहिला चयापचयाचा, तिथे अडचण नाही. दुसरा 'इन्फ्लमेशन'चा. कोशात 'दाह' आहे, काही पुस्तकांत 'शोथ', आणि दवाखान्यात सर्रास 'सूज'. काय घ्यावं? 'मार्कर'लाही शब्द सुचवा.

व्युत्पत्तीप्रेमी: शोथ. संधिशोथ, यकृतशोथ हे रुळलेले शब्द आहेतच. 'दाह' म्हटलं की जळजळच आठवते.

लॅबमधली: शोथाचा अर्थ शेवटी सूजच ना? लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससपासून सांगितली जातात. इथे त्यातलं एकही नसतं. असतं ते फक्त रक्तात. इंटरल्युकिन-६ या निरोप्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी नावाचं प्रथिन बनवतं, आणि तो इशारा पोटातल्या चरबीकडूनही जातो. म्हणून वजनाबरोबर सीआरपी चढतं. पण पीसीओएस असलेल्या सडपातळ बायकांतही ते काही वेळा जास्त सापडतं. अतिसंवेदनशील पद्धतीने मोजलेलं सीआरपी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर असेल तर जास्त समजतात. १० च्याही वर गेलं तर आधी जंतुसंसर्ग, दुखापत वगैरे शोधायचं आणि ते शमल्यावर पुन्हा मोजायचं. 'सूज' छापलंत तर पहिला प्रश्न येणार, "माझं अंडाशय सुजलंय का?" 'सौम्य दाह' लिहा.

धागाकर्ती: 'सौम्य' वाचून कुणी सोडून देईल. वर्षानुवर्षं टिकणारं आहे ना हे?

लॅबमधली: खरंय. आपण 'बारीक ताप' म्हणतो, त्यातला 'बारीक' इथे अगदी चपखल: कमी, पण हटत नाही. छापायला जड जात असेल तर 'मंद दाह'.

व्युत्पत्तीप्रेमी: 'बारीक दाह' कुणी छापणार नाही, पण मला आवडला. आता 'मार्कर'. 'लक्षण' नको, ते रुग्णाला जाणवतं. 'दर्शक' घ्या. 'निर्देशांक' मात्र गणिताने काढलेल्या आकड्यापुरता ठेवा. उपाशीपोटीची साखर (डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये) गुणिले इन्सुलिन (मिलिलिटरला मायक्रोयुनिटमध्ये) भागिले ४०५, हा झाला होमा निर्देशांक, म्हणजे 'इन्सुलिन रेझिस्टन्स'चा अंदाज. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), सीआरपी हे दर्शक.

लॅबमधली: मग मथळ्यातलं 'वाढलेले'ही काढा. एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, इथे कमी झालेलं सापडतं. एसएचबीजीचंही तेच. हे टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात बनतं. इन्सुलिन जास्त झालं की ते कमी बनतं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. मुरुमं, नको तिथे केस, त्यामागे हेही असतं. 'बिघडलेले दर्शक' म्हणा. आणि 'पीसीओएसचे' नको, 'पीसीओएसमधले'. निदान या आकड्यांवर होत नाही. २००३ च्या रॉटरडॅम निकषांत तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित बीजमोचन, अँड्रोजनचं (टेस्टोस्टेरॉनसारख्या हार्मोन्सचं) आधिक्य आणि सोनोग्राफीत बऱ्याच छोट्या पुटिका असलेलं किंवा मोठं झालेलं दिसणारं अंडाशय. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढांत सोनोग्राफीऐवजी एएमएच (अंडाशयातल्या पुटिकांमधून येणारं हार्मोन, रक्तात मोजतात) चालेल म्हटलं. सीआरपी कुठेच नाही.

धागाकर्ती: पटलं, बदलते. 'इन्सुलिन रेझिस्टन्स'ला 'इन्सुलिन प्रतिकार' लिहिलंय.

व्युत्पत्तीप्रेमी: नको! रोगप्रतिकारामुळे 'प्रतिकार' हा चांगला गुण वाटतो. 'पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत' असं सरळ वाक्य लिहा. नामच हवं तर 'इन्सुलिनरोध'.

लॅबमधली: 'दाद न देणं' उत्तम. त्यालाच जोडून लिहा की उपाशीपोटीची साखर ठीक असूनही ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी ती डेसिलिटरला १४० ते १९९ मिलिग्रॅममध्ये, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त पण मधुमेहाच्या खाली, सापडू शकते. त्या तपासणीला 'ग्लुकोज सहनशीलता' म्हणतात. हा शब्द मला कधीच आवडला नाही, पण सगळ्या रिपोर्टांवर तोच असतो, तेव्हा राहू द्या.