मदत हवी आहे: सोलापूरचं ऊन, मोजकं पाणी आणि घरापुरती पालेभाजी

नमस्कार मंडळी,

शहराच्या पूर्व भागात आमचं स्लॅबचं एकमजली घर आहे. वर चारशेएक चौरस फूट गच्ची, मागे भिंतीलगत मातीची चिंचोळी पट्टी. घरात सहा माणसं. यजमान यंत्रमागावर कामाला, सासूबाई विड्या वळतात.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये माग बंद पडले आणि आठवड्याचा पगार थांबला. रेशनवर माणशी महिना पाच किलो धान्य फुकट मिळत होतं, त्यामुळे उपाशी कुणी राहिलं नाही. पण भाजी नव्हती. मंडई बंद, आणि गल्लीत गाडा आलाच तर भाव ऐकून परत आत यायचं. शेंगाचटणी, भात, पातळ आमटी, पुन्हा शेंगाचटणी. दोन्ही पोरांच्या ओठांच्या कडा फुटल्या होत्या. पुन्हा काम बंद पडलं, मग कारण काहीही असो, तर निदान हिरवं काहीतरी घरचं असावं, एवढ्यासाठी हा धागा.

गच्चीवर अख्ख्या घराचं अन्न पिकवा असं सांगणारे व्हिडिओ खूप आहेत, ते मला पटत नाहीत. एवढ्या जागेत ज्वारी लावली तर आमच्या घराच्या आठवडाभराच्या भाकरीसुद्धा निघणार नाहीत. भाज्यांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या सांगते, म्हणजे आम्हाला रोज जवळजवळ अडीच किलो. ते होणार नाही हे धरूनच चालले आहे. ज्वारी, तूर, हुलगे, मटकी डब्यात साठवायची, मटकीला मोड आणायचे, आणि रोज एक वेळची पालेभाजी वरून खुडून आणायची, एवढाच बेत आहे.

बी मिळेल, शेणखत मिळेल. अडतं ते पाण्यावर. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि उन्हाळ्यात पारा 43-44 पर्यंत जातो. त्यामुळे कुठलं झाड किती भाजी देतं यापेक्षा एका बादलीमागे किती देतं, हे मला हवं आहे. पालक, कोथिंबीर मेमध्ये नको. ती थंडीत करू. माझ्या यादीत पुंडी (अंबाडी), तांदुळजा, घोळ, मयाळू आणि चवळी आहे. चवळीचा कोवळा पालाही होतो, शेंगाही होतात. मागच्या पट्टीत शेवगा लावणार आहे. एकदा मूळ खोल गेलं की तो पाणी फारसं मागत नाही आणि त्याच्या पाल्यात लोह, कॅल्शियम भरपूर. सासूबाई पुंडीची भाजी कण्या घालून करतात. पोरं एरवी हिरव्या भाजीला नाक मुरडतात, ती मात्र मागून खातात.

आता प्रश्न.

संक्रांतीची सुगडं दरवर्षी घरात उरतात. ती कुंडीत गळ्यापर्यंत पुरून, पाण्यानं भरून, वर झाकण ठेवलं तर ओल मुळाशी झिरपत राहते आणि वरची माती कोरडी राहिल्यानं पाणी उडून जात नाही. शेजारच्या बोअरच्या पाण्यावर मी हे करून पाहते आहे, पण ते पाणी जड आहे. सुगडाच्या बाहेरून पांढरा खरखरीत थर धरलाय, नखानं खरवडला तर पीठ पडतं, आणि पूर्वीइतकं पाझरत नाही. हा थर कशानं जातो? व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्यात बुडवलेलं सुगड पुन्हा मातीत पुरलं तर झाडाला त्रास होईल का? तांदुळजाच्या पानांच्या कडाही टोकापासून करपत आल्यात. हे क्षारांचं लक्षण की उन्हाचं, ओळखायचं कसं?

दुसरं, सांडपाणी. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मी घालतेच. कपड्यांचं पाणी सोड्यामुळे नको, हे समजतं. पण अंघोळीचं, थोडा साबण लागलेलं पाणी शेवग्याला चालेल का? पालेभाजीला नाही घालणार.

तिसरी काळजी स्लॅबची. सहा इंच ओल्या मातीचा थर म्हणजे चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास वजन, आणि वावरायच्या गच्चीला साधारण दीडशेच धरतात असं एका इंजिनिअरकडून कळलं. आमचं घर जुनं आहे. म्हणून वाफे न करता भिंतीच्या आणि बीमच्या वरच्या ओळीत पोती ठेवायचा विचार आहे, आत उसाचं कुजवलेलं पाचट, शेणखत आणि थोडीच माती. इकडची काळी माती एकटी वापरली की पाणी दिल्यावर चिकट होते आणि वाळली की तडकते. पाचटाचं प्रमाण किती ठेवता? ते वर्षभरात बसतं तेव्हा नवीन भर कशी घालता?

आणखी एक. बी घरचंच धरायचं आहे, कारण अडचणीच्या वेळी दुकानं उघडी असतीलच असं नाही. संकरित बियांचं पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही, म्हणून गावरान हवं. पंढरपूर, मोहोळ, अक्कलकोट भागात कुणाकडे पुंडी किंवा गावरान चवळीचं मूठभर बी असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन. बदल्यात घोळाचं बी देऊ शकते, ते माझ्याकडे पुष्कळ आहे.

पुण्या-कोकणातल्यांनी सल्ला जरूर द्यावा, फक्त आमच्याकडचं ऊन आणि पाणी धरून द्यावा. लातूर, बीड, विजयपूरकडच्या कुणी हे केलं असेल तर एप्रिल-मेमध्ये झाडांवर सावली कशाची करता तेही लिहा. हिरवी जाळी महाग पडते. आमच्याकडे जुन्या चादरी आहेत, त्या बांधल्या तर चालतील का?