दार-एस-सलाम: तुंबलेल्या गटाराचं पत्र नक्की कुणाला द्यायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये बरीच वर्षं राहिलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी इथे आलो, समुद्राकडच्या एका काटामध्ये (वॉर्डला इथे काटा म्हणतात) भाड्याने राहतो. गल्लीच्या तोंडाशी उघडं गटार आहे, ते प्लास्टिक आणि कुणाच्या तरी बांधकामाच्या वाळूने पार भरलंय. मार्च ते मे इथला मोठा पाऊस, मासिका, आणि त्यात भरतीची वेळ आली की पाणी समुद्राकडे जायचं सोडून उलट मागे येतं. मी मूळची हर्णैची, भरती मला नवी नाही, पण गेल्या मोठ्या पावसात समोरच्या मामाची (इथे बाईला आदराने मामा म्हणतात) चूल पाण्यात गेली. ती पहाटेपासून चपात्या आणि चहा विकते, सहा दिवस धंदा बंद, घरात तीन पोरं. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

ती म्हणते, बरुआ लिही, म्हणजे पत्र, सगळे सह्या करतो. घरमालक म्हणतात तुम्ही परदेशी, यात पडू नका. मत देता येत नाही हे मान्य, पण राहतो तर इथेच ना?

आता प्रश्न असा की काटाच्या खाली म्टा (वॉर्डचाच छोटा भाग) असतो, त्याचा निवडून आलेला अध्यक्ष म्वेन्येकिटी, शिवाय नेमलेला अधिकारी म्टेंडाजी, आणि काटाचा नगरसेवक म्हणजे दिवानी. यातल्या कुणाकडे आधी जायचं? आणि म्टाच्या सभेत मी बोललेलं चालेल का, की मामानेच बोलावं?

---

ताई, मी अकरा वर्षं आहे इथे. आधी म्वेन्येकिटीकडे जा, म्टाच्या निवडणुका २७ नोव्हेंबर २०२४ ला झाल्यात, पाच वर्षांची मुदत आहे, लोक त्यांना ओळखतात. पण कागद म्टेंडाजीकडेच द्या, तो पगारी माणूस, फाईल त्याच्याकडे राहते. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर मुहुरी मारून घ्या, मुहुरी म्हणजे आपली मोहोरच. महिनाभरात हललं नाही तर तीच प्रत घेऊन दिवानीकडे, तो मनपाच्या सभेत बसतो.

पहिली सही मामाची असू द्या, तुमची खाली कुठेतरी. सभेतही बोलू दे तिलाच, नुकसान तिचं झालंय. तुम्ही पाणी भरलेले फोटो प्रिंट करून न्या. आणि आत शिरल्यावर वडीलधाऱ्यांना आधी शिकामू (मोठ्यांना करायचा आदराचा नमस्कार) म्हणा, मग कामाचं.

---

खूप आभार दादा. फोटो आहेत माझ्याकडे, पण पत्र स्वाहिलीत लिहायला कुणी मदत करेल का? माझी स्वाहिली बाजारापुरतीच आहे, आणि मामाला शनिवारी सकाळचे गिऱ्हाईक आटोपले की वेळ असतो.